भाताचं पान, त्यातली साखर आणि स्टार्च: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी वनस्पतिशास्त्र शिकवतो आणि आमच्या घरची भातशेती आहे. त्यामुळे वर्गातली मुलं आणि बांधावरची माणसं, दोघंही मला भाताबद्दल विचारत असतात. त्यांचे प्रश्न वरवर वेगळे दिसतात, पण बहुतेक एकाच जागी येऊन थांबतात: पानात तयार झालेलं अन्न दाण्यापर्यंत पोचतं कसं, आणि ते कोण ठरवतं? पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

शाळेतल्या प्रयोगात पान आयोडीनमध्ये निळं-काळं होतं. भाताचं पान तसं का होत नाही?

हा प्रश्न मला पहिल्यांदा अकरावीच्या एका मुलीने विचारला होता. तिने जास्वंदीच्या पानाऐवजी घरच्या खाचरातलं भाताचं पान आणलं होतं. भर दुपारी तीन वाजता खुडलेलं, चांगलं उन्हात तापलेलं. पाण्यात उकळलं, मग गरम अल्कोहोलमध्ये हिरवा रंग काढला, आयोडीन टाकलं. शेजारच्या बशीतलं जास्वंदीचं पान शाईसारखं काळंनिळं झालं आणि तिचं पान मातकट पिवळंच राहिलं. तिला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं.

तिचं काहीच चुकलं नव्हतं. भाताच्या पात्यात स्टार्च फारच थोडा साठतो. दुपारनंतर थोडासा तयार होतो, रात्री वापरला जातो, बस्स. भाताचं पान दिवसभराची कमाई मुख्यतः सुक्रोजच्या रूपात ठेवतं, म्हणजे आपण चहात घालतो त्याच साखरेच्या रूपात. आयोडीन साखरेला रंग देत नाही. म्हणून पाठ्यपुस्तकातला प्रयोग खरा असूनही भाताला लागू पडत नाही. शिक्षकांनी हे मुलांना सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं, नाहीतर मूल स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास गमावतं.

साखर करायची की स्टार्च, हे पानात कुठे ठरतं?

हरितलवकात कार्बन डायऑक्साइड पकडला की त्यातून तीन कार्बनचे छोटे तुकडे तयार होतात. इथे वाट फुटते. हे तुकडे हरितलवकातच राहिले तर त्यांचा स्टार्च होतो. हरितलवकाच्या आवरणातल्या वाहक प्रथिनातून बाहेर पेशीद्रवात गेले तर त्यांचं सुक्रोज होतं.

स्टार्चच्या वाटेवरचा मुख्य नाकेदार म्हणजे एजीपीएज हे विकर. ते ग्लुकोजला अशा रूपात आणतं की ते साखळीत ओवता यावं. हे विकर दोन मोठ्या आणि दोन लहान घटकांचं बनतं. भाताकडे लहान घटकाची दोन आणि मोठ्या घटकाची चार जनुकं आहेत. कोणत्या अवयवात कोणती जोडी वापरायची हे ठरलेलं आहे: पानाची जोडी वेगळी, दाण्याची वेगळी. सुक्रोजच्या वाटेवर पेशीद्रवातलं एफबीपीएज आणि त्यापुढे सुक्रोज फॉस्फेट सिंथेज, म्हणजे एसपीएस, ही विकरं असतात.

यातली एखादी वाट बंद केली तर काय होतं?

भाताच्या पानाचा स्वभाव इथे उघड होतो. २००७ साली असं एक उत्परिवर्तित भाताचं रोप प्रसिद्ध झालं, ज्यात पानातल्या एजीपीएजचा मोठा घटकच बनत नव्हता. पानातला स्टार्च जवळजवळ नाहीसा झाला. तरी रोप नेहमीसारखं वाढलं. अॅराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या प्रयोगवनस्पतीत असंच केलं तर छोट्या दिवसांत आणि लांब रात्रीत ती खुरटते, कारण रात्रीची शिदोरी तिने स्टार्चमध्येच बांधलेली असते.

आता उलट बाजू. पुढच्याच वर्षी भातातलं पेशीद्रवातलं एफबीपीएज बंद केलेलं रोप अभ्यासलं गेलं. सुक्रोजची वाट अडली आणि रोप खुरटलं. स्टार्च अडवला तर भात पुढे जातो, साखर अडवली तर बसतो. पुढचे सगळे प्रश्न वाचताना हा फरक लक्षात ठेवावा.

स्टार्चशिवाय भाताचं सगळंच निभतं असा अर्थ मात्र काढू नका. परागकणात स्टार्च भरला नाही तर पराग वांझ होतात, हे २०१६ मध्ये दाखवलं गेलं. स्टार्च पानात नसला तरी चालतो, परागात लागतोच.

मग दाणा भरायच्या आधीचा साठा असतो कुठे?

पर्णकोषात आणि खोडात. पानाचा खालचा भाग खोडाला गुंडाळलेला असतो, तो पर्णकोष. पर्णकोष करपा म्हणतो त्यातला तोच.

मी हे दरवर्षी मुलांना शेतात दाखवतो. पीक पोटरीत आलं, म्हणजे लोंबी अजून कोषातच असली, की एक फुटवा उपटायचा, वरून दुसऱ्या-तिसऱ्या पानाचा कोष सोलून ब्लेडने आडवा कापायचा आणि कापावर आयोडीनचा थेंब सोडायचा. क्षणात काळा पट्टा उमटतो. त्याच पानाच्या वरच्या पात्यावर थेंब टाकला तर काही नाही. एकच पान, हातभर लांब. खालचा भाग कोठार आणि वरचा भाग कारखाना. लोंबी निसवून दाणा चिकात आला की त्याच खाचरातल्या फुटव्याचा कोष पुन्हा कापायचा. आता पट्टा फिका, तुटक. कोठार रिकामं होऊन लोंबीत गेलेलं असतं. मुलं गप्प होऊन बघतात, आणि मलाही दर वेळी तितकंच नवल वाटतं.

हा साठा दाण्यात किती जातो, हे जेम्स कॉक आणि शौइची योशिदा यांनी १९७२ मध्ये खुणेच्या कार्बनने मोजलं. निसवण्याआधी साठलेल्या पिष्टमय पदार्थांपैकी साधारण दोन तृतीयांश दाण्यात गेले आणि उरलेल्यातला बराच भाग श्वसनात खर्च झाला. एकूण दाण्यात या साठ्याचा वाटा जात, हवामान आणि खतानुसार खूप बदलतो. फुलोऱ्यानंतर आभाळ झाकोळलेलं राहिलं की हाच साठा पिकाला तारतो. परतीचा पाऊस लांबलेल्या वर्षी कोकणात आणि मावळात याचं मोल कळतं.

पर्णकोषातला साठा वाढवण्याचा इशारा देणाऱ्या जनुकांपैकी एक सीआरसीटी नावाचं आहे. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की ते जागं होतं, म्हणून ते सापडलं. ते जास्त चालवलं की कोषात स्टार्च वाढतो, दडपलं की घटतो.

चिकट भाताच्या पानातला स्टार्चही चिकट असतो का?

नाही. भात चिकट की मोकळा, हे दाण्यातल्या अमायलोजच्या, म्हणजे सरळ साखळीच्या स्टार्चच्या, प्रमाणावर अवलंबून असतं, आणि ते मुख्यतः सहाव्या गुणसूत्रावरच्या वॅक्सी जनुकाच्या हातात आहे. त्या जनुकाच्या एका रूपात एकाच अक्षराचा बदल आहे, जी च्या जागी टी. तेवढ्याने जनुकाचा संदेश नीट कापला-जोडला जात नाही, विकर कमी बनतं आणि अमायलोज घटतं. पण वॅक्सीचं राज्य दाणा आणि परागापुरतंच. पानात आणि कोषात त्याचा भाऊबंद काम करतो, जीबीएसएस-२ नावाचा. म्हणून पूर्ण चिकट जातीच्या पर्णकोषावर आयोडीन टाकलं तरी निळंच उमटतं, दाण्यावर टाकलं तर तांबूस-तपकिरी. स्टार्चच्या साखळीला फांद्या जोडणाऱ्या विकरांतही अशीच वाटणी आहे: दाण्यात एक भाऊ मुख्य, पानात दुसरा.

रात्री पानातला स्टार्च फुटतो कसा?

स्टार्चचा कण घट्ट असतो. आधी त्याच्या पृष्ठभागावर फॉस्फेट चिकटवून तो सैल करावा लागतो. ते काम जीडब्ल्यूडी-१ करतं. भातात हे जनुक मोडलेलं रोप २०१३ मध्ये तपासलं गेलं: पानात स्टार्च तुंबून राहिला, पण पानांच्या-फुटव्यांच्या वाढीवर परिणाम मर्यादितच होता. अॅराबिडॉप्सिसमध्ये हाच दोष बराच महागात पडतो. आणखी एक वेगळेपण म्हणजे भाताच्या हरितलवकात अल्फा-अमायलेज सापडतं आणि ते स्टार्च फोडायला हातभार लावतं. बी रुजताना ज्या विकराची आपल्याला ओळख होते, तेच हिरव्या पानातही कामाला असतं.

साखर पानातून बाहेर कशी निघते?

तीन टप्पे धरा. पेशीतून शिरेपर्यंत, शिरेतून रसवाहिनीत, आणि रसवाहिनीतून लोंबीकडे. शेवटच्या टप्प्याचं तत्त्व एर्न्स्ट म्युंख या जर्मन संशोधकाने १९३० मध्ये मांडलं: साखर जिथे भरते तिथे पाणी ओढलं जातं, दाब वाढतो, आणि जिथे साखर उतरवली जाते तिकडे रस वाहतो. पंप कुठेच नाही, फक्त दाबाचा फरक.

रसवाहिनीत नेमकी कोणती साखर असते, हे कळलं ते आपल्या शत्रूमुळे. तपकिरी तुडतुडा सुईसारखी सोंड थेट रसवाहिनीत खुपसतो. जपानी संशोधकांनी तुडतुडा रस पीत असतानाच त्याची सोंड लेझरने कापली. सोंडेचं टोक रोपातच राहिलं आणि त्यातून शुद्ध रसाचे थेंब येत राहिले. त्या रसात एकच साखर निघाली: सुक्रोज. तुडतुड्यांनी जळालेलं खाचर पाहून ज्याचं काळीज तुटलंय, त्याला यावरून कळेल की ते कीटक दाण्याचंच अन्न वाटेत पितात.

पहिल्या दोन टप्प्यांत दोन प्रकारची वाहक प्रथिनं लागतात. एसयूटी कुळातली प्रथिनं ऊर्जा खर्चून, प्रोटॉनच्या जोडीने सुक्रोज आत ओढतात. एकाग्रता उलटी असली तरी ओढतात. भातात यांची पाच जनुकं आहेत. स्वीट कुळातली प्रथिनं नुसती दारं असतात: जिकडे साखर कमी, तिकडे ती जाऊ देतात. यांची भातात एकवीस जनुकं आहेत. हे कुळ २०१० मध्ये ओळखलं गेलं.

एसयूटी-१ बंद केलं तर पानात साखर तुंबते का?

तुंबायला हवी असं सगळ्यांना वाटलं होतं. मक्यात तसंच होतं. पण भातात एसयूटी-१ दडपलं तेव्हा पानं ठीक राहिली. दाणे मात्र नीट भरले नाहीत. जनुक पूर्ण मोडलं तेव्हा परागाचं काम बिघडलं. यावरून काही अभ्यासक म्हणतात, भाताच्या पानात साखर पेशींमधल्या सूक्ष्म वाटांनी, वाहकाशिवायच शिरेत जात असावी. दुसरे म्हणतात, बाकीचे वाहक तिथे उणीव भरून काढतात. हा वाद अजून मिटलेला नाही, आणि मला तो मिटल्यासारखा शिकवायचा नाही.

एसयूटी-२ चं प्रकरण मात्र स्पष्ट आहे. पेशीच्या आत एक मोठी रिक्तिका असते, दिवसा जास्तीची साखर तिच्यात टाकली जाते. एसयूटी-२ ती साखर पुन्हा बाहेर काढतं. २०११ मध्ये हे जनुक मोडलेली रोपं पाहिली गेली: पानात साखर भरपूर, रोप मात्र खुजं. घरात धान्य आहे पण कोठीला कुलूप, असा तो प्रकार.

कडा करपा आणि साखरेच्या जनुकांचा काय संबंध?

या सगळ्यांतला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, म्हणून इथे जरा थांबतो.

कडा करपा हा भाताचा रोग झॅन्थोमोनास ओरायझी या जिवाणूमुळे होतो. तो पानाच्या कडेवरच्या जलरंध्रांतून किंवा वाऱ्यापावसाने झालेल्या जखमांतून आत शिरतो आणि जलवाहिनीत राहतो. म्हणून पिवळेपणा कडेने, नागमोडी रेषेत खाली उतरतो. शंका आली तर रोगट पानाचा तुकडा कापून काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात उभा धरा. थोड्या वेळात कापातून दुधाळ धागा खाली उतरताना दिसतो. ते जिवाणू असतात.

जलवाहिनीत मुख्यतः पाणी आणि क्षार. तिथे पोट भरायचं कसं? जिवाणूने यावर विलक्षण तोडगा काढला आहे. तो पेशीत टाल नावाची प्रथिनं सोडतो. ही प्रथिनं थेट पेशीच्या केंद्रकात जातात, भाताच्या स्वीट जनुकांच्या प्रवर्तकावर, म्हणजे जनुकाच्या चालू-बंद करण्याच्या पट्टीवर, ठरावीक अक्षरं वाचून बसतात आणि जनुक चालू करतात. पानात एरवी शांत असलेलं स्वीट-११ जोरात चालायला लागतं, पेशीची साखर बाहेर पडते आणि बहुधा जिवाणूच्या तोंडी लागते. पीथएक्सओ-१ हे टाल स्वीट-११ उघडतं, पीथएक्सओ-२ स्वीट-१३ उघडतं, तर स्वीट-१४ उघडणारी एकाहून जास्त टाल आहेत. दार भाताचं, किल्ली चोराची.

मग स्वीट-११ काढूनच टाकलं तर?

भात रोगाला तोंड देईल, पण दाणे कमी देईल. हेच दार परागाला आणि भरणाऱ्या दाण्याला साखर पुरवतं. जनुक दडपलेल्या रोपांत परागकण वांझ निघाले आणि लोंबीत पळींज, म्हणजे रिकामे दाणे, वाढलं. स्वीट-११ सोबत स्वीट-१५ ही मोडलं तर दाणा भरतच नाही म्हटलं तरी चालेल.

निसर्गाने आणि शेतकऱ्यांच्या निवडीने यावर एक वाट आधीच काढून ठेवली होती. बीजे-१ या जुन्या भारतीय जातीत एक्सए-१३ हे रोगप्रतिकारक रूप होतं. त्यात प्रथिन जसंच्या तसं आहे, फक्त प्रवर्तकाची अक्षरं बदललेली आहेत. जिवाणूची किल्ली त्या कुलपात बसत नाही. रोपाला हवं तेव्हा, हवं तिथे दार उघडता येतं. चोराला येत नाही.

यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. एक्सए-१३ अप्रभावी आहे: दोन्ही प्रती तशा असतील तरच संरक्षण मिळतं. एक जुनी प्रत राहिली तर जिवाणू तीच उघडतो. म्हणून संकरित भातात हा गुण हवा असेल तर तो दोन्ही पालकांत लागतो.

हे जनुक असलेल्या जाती आपल्याकडे आहेत का?

आहेत, आणि त्या जनुकीय बदल केलेल्या नाहीत. साध्या संकरातून, डीएनए खुणांच्या मदतीने निवड करत आणल्या आहेत. हैदराबादच्या भात संशोधन संस्थेने आणि सीसीएमबी या तिथल्याच पेशी व रेणू जीवशास्त्र केंद्राने मिळून केलेल्या इम्प्रूव्हड सांबा मसुरीत एक्सए-५, एक्सए-१३ आणि एक्सए-२१ अशी तीन जनुकं एकत्र आहेत. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने काढलेल्या इम्प्रूव्हड पुसा बासमती-१ मध्ये एक्सए-१३ आणि एक्सए-२१ आहेत. तीन कुलपं एकत्र घालण्याचं कारण असं की एकाच वेळी तिन्हींच्या किल्ल्या असलेला जिवाणू निपजणं अवघड.

जनुक संपादनाने काय साधलं?

२०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय गटाने क्रिस्पर या जनुक नेमक्या जागी कापण्याच्या तंत्राने स्वीट-११, १३ आणि १४ या तिन्हींच्या प्रवर्तकांत, टाल बसतात नेमक्या त्याच जागी, छोटे बदल केले. किताके, आयआर-६४ आणि चिहेरांग-सब-१ या जातींत हे करून दाखवलं. बीजे-१ ने जे एका दारापुरतं केलं, ते तिन्ही दारांवर केलं गेलं.

भारतात मार्च २०२२ मध्ये, परकं जनुक न घालता केलेल्या संपादनाला जनुकीय सुधारित पिकांच्या कडक नियमांतून वगळण्यात आलं. मे २०२५ मध्ये दोन संपादित भातजाती जाहीर झाल्या. त्यातली डीआरआर धान १००, म्हणजे कमला, सांबा मसुरीतूनच काढलेली आहे; तिच्यात लोंबीतल्या दाण्यांची संख्या ठरवणाऱ्या जनुकात बदल आहे.

वाहक जनुकं वाढवली की उत्पन्न वाढेलच ना?

इतकं सरळ नाही. दाण्यांची संख्या वाढवली आणि साखर तेवढीच राहिली, तर लोंबीच्या खालच्या भागातले दाणे पोचट राहतात. साखर वाढवली आणि घ्यायला दाणेच नसले, तर ती पानात तुंबते आणि पान प्रकाशसंश्लेषण कमी करतं. शिवाय ही जनुकं एकेकटी चालत नाहीत. डीओएफ-११ हे एकच नियंत्रक प्रथिन एसयूटी-१, स्वीट-११ आणि स्वीट-१४ या तिघांना सांभाळतं. माझं मत असं की एखादं जनुक सगळीकडे जोरात चालवण्यापेक्षा ते नेमक्या वेळी आणि नेमक्या जागी चालवणं जास्त फायद्याचं ठरेल. एक्सए-१३ आपल्याला हेच दाखवून देतं.

शेतावर यातलं काय उपयोगी पडतं?

थोडंच, पण नक्की. शेवटचं पान जपा, कारण दाण्यात जाणाऱ्या ताज्या साखरेचा मोठा भाग ते आणि त्याखालची दोन पानं पुरवतात. निसवल्यानंतर उशिरा भरपूर युरिया टाकला तर झाड हिरवंगार राहतं, पण कोषातला साठा मागेच राहतो, आणि कडा करपाही बळावतो. लावणीच्या वेळी आवणाचे, म्हणजे रोपांचे, शेंडे खुडायची पद्धत काही ठिकाणी आहे. कडा करपा येणाऱ्या पट्ट्यात ती टाळा, प्रत्येक खुडलेला शेंडा जिवाणूला उघडी वाट असते.

कोषाची आयोडीन चाचणी घरी करता येईल का?

सहज येते. औषधाच्या दुकानात मिळणारं टिंक्चर आयोडीन पाण्यात पातळ करून घ्या, गडद चहाच्या रंगाइतकं. तीन वेळा पाहा: पोटरीत, निसवल्यावर आठवड्याने, आणि दाणा पिवळा पडायला लागल्यावर. दर वेळी त्याच जातीचे पाच-सहा फुटवे, वरून तिसऱ्या पानाचा कोष, दुपारनंतर कापलेला. कोषाचा पातळ काप हवा, जाड असला की हिरव्या रंगात निळा दिसत नाही. दोन जाती शेजारी लावल्या असतील तर दोन्हींचे काप एकाच पांढऱ्या बशीत ठेवा. एकीचा पट्टा लवकर फिका पडतो, दुसरीचा कापणीपर्यंत रेंगाळतो. वहीत तारीख आणि रंग लिहून ठेवा, आणि मळणीनंतर त्याच पानावर पळींज किती निघालं तेही लिहा.